दोन कुलपांची साखळी

मी एक जुनी लोखंडी साखळी आहे. लांबी तीन हात, कड्या एकोणतीस, अंगावर गंज. मित्रांनो, आमच्या बेकर्स बेंड शहरात माझ्याइतका मान कुणाला नाही, असे मी म्हटले तर थोडी फुशारकी समजा, पण खोटे समजू नका.

तापलेल्या सळ्या वाकवून कारखान्यात मला घडवले, तेव्हा वाटले होते की आपण एखादा ट्रॅक्टर ओढू. नशिबात होते एक फाटक. त्याच्या अलीकडे प्राथमिक शाळेचे मैदान आणि पलीकडे नगरपालिकेची बाग. आमच्याकडे शाळांचा कारभार शाळा-मंडळ पाहते आणि शहराचा कारभार नगरपालिका. दोघांच्या निवडणुका वेगळ्या, तिजोऱ्या वेगळ्या आणि रुसवेही वेगळे. मुलांना पळायला टेकडी हवी होती, ती बागेत. गावकऱ्यांना हिवाळ्यात बास्केटबॉल खेळायला छप्पर हवे होते, ते शाळेत. मधे कुंपण. दोन वर्षे चर्चा होऊन करार झाला की दिवसा टेकडी मुलांची आणि संध्याकाळी शाळेची व्यायामशाळा गावाची. शाळेला तळघर नव्हते, म्हणून वादळाचा भोंगा वाजला की मुलांनी फाटकातून बागेतल्या वाचनालयाच्या तळघरात जायचे, हेही ठरले.

मग प्रश्न आला, फाटकाला कुलूप कुणाचे लावायचे? त्यावर म्हणे एक सबंध बैठक गेली. शेवटी बागेची मुकादम वांडा कुचेरा उठून म्हणाली, "अहो, दोन्ही लावा की!"

अशी मी कामाला लागले. माझ्या एका टोकाच्या कडीत नगरपालिकेचे पितळी कुलूप, दुसऱ्या टोकाच्या कडीत शाळेचे पोलादी कुलूप, आणि ती दोन कुलपे एकमेकांत अडकवलेली. दोघांपैकी कुणीही आपल्या किल्लीने आपले कुलूप उघडावे, की मी सुटलेच. कुणी कुणाची वाट पाहायची नाही. करार कपाटात पडून होता, पण तो रोज पाळला जात होता माझ्या अंगावर. त्याचा मला अभिमान होता आणि आहे.

शाळेकडून मला उघडायला यायचा ऑर्विल ट्वेट. शाळेची झाडलोट, दुरुस्ती, सगळे त्याच्याकडे. उंच, वाकलेला, आणि बोलणे मोजके. वांडा गोल, तुरुतुरु चालणारी, तोंडाला विश्रांती नाही. अकरा वर्षे दोघे फाटकाच्या दोन बाजूंनी एकमेकांची टिंगल करत आले.

"काय रे ऑर्विल, आज दाढी का नाही केलीस? शाळा-मंडळाने वस्तराही बंद केला काय?"

"तुझ्या नगरपालिकेने खड्डे बुजवले की करीन. तोवर वाढू दे."

मग एका वसंतात गवतावरून वाजले. फाटकाखाली दोन हातांचा पट्टा होता. नगरपालिकेचे गवत कापायचे यंत्र कुंपणाच्या पलीकडेच थांबायचे, शाळेचे अलीकडे थांबायचे, आणि मधले गवत गुडघ्यापर्यंत आले.

"तुमचं गवत आहे ते," वांडा म्हणाली.

"माझं? बी तुमच्या टेकडीवरून उडून आलंय," ऑर्विल म्हणाला.

हसण्यावारी सुरू झालेले बोलणे कडू झाले. दोघांनी बोलणे टाकले. इकडून तो यायचा, तिकडून ती, आणि मधे मी मुकी.

त्याच आठवड्यात नगरपालिकेत लेरॉय हॉब्स नावाचा नवा कामगार लागला. पन्नाशीचा, कष्टाळू माणूस. शुक्रवारी त्याने आपले पितळी कुलूप उघडले, खत आत नेले, आणि जाताना ते कुलूप सरळ माझ्या दोन्ही टोकांच्या कड्यांतून घालून बंद केले. फाटक घट्ट लागले. त्याला वाटले, काम चोख झाले. पण शाळेचे कुलूप आता नुसते एका टोकाला डुलासारखे लोंबत होते. त्याची किल्ली फिरवून काहीच उघडणार नव्हते.

थोड्या वेळाने ऑर्विल आला. त्याने लोंबते कुलूप पाहिले, हातात घेतले, सोडले. "त्यांची चूक आहे, त्यांनाच कळू दे," असे पुटपुटून तो निघून गेला. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला ओरडावेसे वाटले ते तेव्हाच.

सोमवारपासून पाऊस होता, म्हणून मुले टेकडीवर गेलीच नव्हती. मंगळवारी दुपारी आकाश हिरवट झाले. भोंगा वाजला. पहिली-दुसरीची, म्हणजे शाळेतली सगळी एकसष्ट मुले डोक्यावर हात धरून रांगेने आली, पुढे ऑर्विल, मागे बाई. एव्हाना त्यांनी चूक सुधारली असेल, या आशेने ऑर्विलने किल्ली फिरवली. कुलूप उघडून त्याच्या हातात आले, आणि मी जागची हलले नाही.

रांगेतल्या पहिल्या मुलीने विचारले, "मिस्टर ट्वेट, तुमची किल्ली रुसली का?"

रस्त्याने वळसा घालायचा तर अर्धा मैल. नदीपलीकडे ढगातून वादळाची काळी सोंड खाली उतरत होती. ऑर्विलने मला दोन्ही हातांनी ओढले. मी तुटले असते तर बरे, असे मला वाटले. पण चांगल्या लोखंडाचे तेच दुःख, ते तुटत नाही.

तेवढ्यात वाचनालयाकडून वांडा धावत आली. तळघराच्या दारात ती मुलांची वाट पाहत होती. मुले का आली नाहीत, हे तिला तिथून दिसले. धापा टाकत तिने पितळी कुलूप उघडले. मी खळ्कन खाली पडले.

"असं कुणी लावलं रे हे?"

"तुझ्या माणसाने. आणि मी शुक्रवारीच पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"गवतावरून... बोलत नव्हतो ना आपण."

वांडाने त्याच्याकडे एकदाच पाहिले. "पळ आधी, मूर्खा! तळघरात भांडू!"

एकसष्ट मुले माझ्यावरून पाय उचलत गेली. मी मोजली. मग वादळ आले आणि शाळेच्या पूर्वेकडचे छप्पर उचलून नदीत टाकून गेले. त्या छपराखाली पहिली-दुसरीचे वर्ग होते.

पुढच्या आठवड्यात शाळा-मंडळ आणि नगरपालिका यांची एकत्र बैठक झाली. ती व्यायामशाळेत झाली आणि पुरावा म्हणून मला तिथे टेबलावर ठेवले होते. सगळे लेरॉयला दोष द्यायला टपले होते. ऑर्विल उठला. एवढ्या माणसांसमोर तो कधी बोलला नव्हता. तो म्हणाला, "लेरॉयला माहीत नव्हतं. मला माहीत होतं." आणि खाली बसला. वांडाही उठली. "त्याला शिकवायचं काम माझं होतं. मी शिकवलं नाही."

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी दोन्ही बाजूंचे एकेक माणूस माझ्याजवळ येते. आधी एकाने उघडून दाखवायचे, मग दुसऱ्याने. नव्या माणसाला लेरॉयच शिकवतो, आणि आपली चूक स्वतःच हसत सांगतो. फाटकाखालचे गवत एक आठवडा नगरपालिका कापते, एक आठवडा शाळा. वांडा म्हणते शाळेवाले वाकडे कापतात. ऑर्विल आता निवृत्त झाला आहे, तरी सोमवारी काठी टेकत येतो आणि माझ्या कड्यांना तेल घालतो.

मित्रांनो, मी लोखंडाची, मला फार कळत नाही. पण पंधरा हिवाळे दोघांच्या मधे राहून एवढे शिकले आहे. कुलूप जरूर लावा, आपापले लावा. फक्त लावताना ते दुसऱ्याच्या कुलपात अडकवा. आणि ते चुकीचे लागलेले दिसले, तर रुसवा असला तरी त्याच दिवशी सांगा.