एकोणीस सेकंद

रस्ता झपझप ओलांडून दाखवला तर सिस्टरबाईंच्या पदरात एकच गोष्ट पडणार होती, पण ती लहान नव्हती: एकटीने घराबाहेर पडायची मुभा. मागच्या महिन्यात त्या फुटपाथच्या कडेला अडखळल्या, तेव्हापासून सुनेने त्यांच्या चपला कपाटात टाकल्या होत्या. मुलगा म्हणाला होता, चौकातल्या सिग्नलच्या चाचणीत कशी चालतेस ते बघू, मग ठरवू. चौतीस वर्षे नर्स म्हणून वॉर्डात धावलेल्या बाईला आता चालण्याची परीक्षा होती.

चौकातल्या खांबावर नवा डबा बसवला होता. वयस्कर माणसाने आपले ज्येष्ठ नागरिकाचे कार्ड त्याला टेकवले की चालणाऱ्यांचा हिरवा दिवा नेहमीपेक्षा जास्त वेळ राहणार. किती जास्त, ते आज आसपासच्या सात म्हाताऱ्यांच्या चालण्यावरून ठरणार होते. घड्याळ घेऊन उभा असलेला इंजिनियर भला माणूस होता. त्याने तीनतीनदा बजावले, रोज चालता तसेच चाला.

सिस्टरबाईंनी मात्र रांगेतून वॉर्डाची फेरी घेतली. एकाची मान वर करवली, दुसरीच्या हातची पिशवी काढून घेतली. शेवटी त्यांच्याच जिन्यावर राहणारे टेलर उभे होते. त्यांची काठी बाईंनी सरळ भिंतीला टेकवून ठेवली.

"अहो, काठीशिवाय मी म्हणजे सुईशिवाय दोरा," टेलर म्हणाले. "इथंच गुंडाळी होईल माझी."

"वीस-पंचवीस पावलं तर आहेत. लंगडताना दिसलात तर उद्यापासून घरात बसवतील. चला."

टेलर चालले. सातही जण फोटोसाठी निघाल्यासारखे ताठ चालले. सरासरी सतरा सेकंद आली. इंजिनियरने पदरचे दोन घातले आणि डब्यात एकोणीस भरले. मुलगा खूश. सुनेने चपला कपाटातून काढून दिल्या.

पुढचे सोळा दिवस सिस्टरबाई मनाला येईल तिथे हिंडल्या. एकोणीस सेकंद पुरत नाहीत, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळले. मग त्या ऑफिस सुटायच्या वेळेला निघू लागल्या आणि घोळक्याच्या मधोमध घुसून पलीकडे जाऊ लागल्या. घोळक्यावर कुणी गाडी घालत नाही. ही युक्ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. टेलरनाही नाही.

सतराव्या दिवशी टेलर भर दुपारी निघाले, काठी टेकत, एकटेच. दिवा गेला तेव्हा पाच पावले उरली होती. टेम्पोवाल्याला हिरवा मिळाला होता.

टेलर गेल्यावर चार दिवसांनी इंजिनियर कागद घेऊन जिना चढून आला. यंत्र चोख चालले होते, टेम्पोवाल्याची चूक नव्हती. सदर इसम रस्त्यात रेंगाळला असावा, असा शेरा होता, आणि चाचणीतल्या माणसांनी वेळ पुरेसा असल्याची सही करायची होती. सिस्टरबाईंनी कागद दोनदा वाचला. सही केली की हिंडणे-फिरणे शाबूत, आणि टेलर रेंगाळलेले.

"ते रेंगाळले नाहीत," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी आम्ही खोटं चाललो. सगळ्यांना मीच चालवलं. परत घ्या चाचणी."

मुलगा हळूच म्हणाला, "आई, कशाला अंगावर ओढून घेतेस? झालं ते झालं."

"तूही ये बघायला."

या वेळी सहाच जण होते. कुणी कुणाला काही शिकवले नाही. सिस्टरबाई शेवटी निघाल्या. डावा पाय फरफटत होता, तो त्यांनी फरफटू दिला. रस्त्यात मध्येच थांबून दम घेतला, तोही उघड. सत्तावीस सेकंद लागले, सगळ्यांत जास्त. पलीकडे मुलगा उभा होता. त्याने त्यांचा दंड धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.

इंजिनियरने या वेळी सरासरी काढलीच नाही. सत्तावीसमध्ये पदरचे दोन घालून डब्यात एकोणतीस भरले. वाढलेले दहा सेकंद आता चौकात येणाऱ्या कुठल्याही म्हाताऱ्याला नुसते कार्ड टेकवून मिळतात. टेलरनी त्या सेकंदांचे मोल एकदाच चुकते केले. सिस्टरबाईंचे हप्ते चालू आहेत. सुनेने चपला पुन्हा कपाटात टाकल्या आहेत आणि त्यांची खुर्ची गॅलरीत आणून ठेवली आहे. तिथून चौक दिसतो.