कानाचं कोष्टक

“बाबा, हलू नकोस. मान इकडे कर.”

असं म्हणून बटणने माझा कान धरला तेव्हा माझ्या ओठांत टाचण्या होत्या आणि मांडीवर कुणाची तरी पँट. आमच्याकडे पोरगी बापाचा कान धरते यात नवीन काही नाही, म्हणून मी लक्ष दिलं नाही. पण तिनं नुसता धरला नाही. वाकून निरखला, खालची पाळी बोटानं हलवून पाहिली, मग पलीकडे जाऊन दुसराही पाहिला. तिथून उठली ती आईकडे, आणि तिचेही दोन्ही कान तपासले.

“गंमतच आहे,” ती म्हणाली. “दोघांच्याही चिकटलेल्या.”

बटण म्हणजे आमची मुलगी. रांगायच्या वयात दुकानभर सांडलेली बटणं वेचत बसायची, तेव्हापासून हेच नाव. आमचं दुकान कपडे दुरुस्तीचं. झिप बदलायची, कंबर सैल करायची, बाह्या आखूड करायच्या. नवीन कपडा शिवून घ्यायला हल्ली येतंय कोण! मी मशीनवर असतो, बायको हातशिलाई करते, आणि बटण शाळेतून आली की कापायच्या टेबलाच्या टोकाला दप्तर टाकून अभ्यासाला बसते. त्या दिवशी तिचा अभ्यास म्हणजे आमचे कान होते. विज्ञानाच्या बाईंनी आनुवंशिकता शिकवायला घेतली होती, आणि घरच्यांच्या कानाच्या पाळ्या बघून या म्हणून सांगितलं होतं. कुणाची पाळी खाली सुटी लोंबते, कुणाची थेट गालाला चिकटलेली असते म्हणे. इतकी वर्षं हे कान मी डोक्याला लावून फिरतोय, पण ते सुटे की चिकटलेले, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

“आणि तुझी गं?” टाचण्या काढून मी विचारलं. झक मारली आणि विचारलं.

“माझी सुटी. हे बघ.”

मग तिनं माझा खडू घेतला आणि टेबलावरच चार घरांचा चौकोन आखला. प्रत्येक गुणाची दोन जनुकं असतात, एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. सुट्या पाळीचं जनुक प्रभावी, त्याला इंग्रजीतला मोठा ई. चिकटलेल्या पाळीचं अप्रभावी, त्याला छोटा ई. दोघांत एक जरी मोठा ई असला तरी त्याचंच चालतं, पाळी सुटी होते. चिकटलेली हवी तर दोन्ही छोटेच लागतात.

“म्हणजे मी अप्रभावी?” मी म्हटलं.

“तू नाही रे, तुझा कान. आता ऐक. तुझ्याकडे दोन छोटे, आईकडे दोन छोटे. चारी घरांत बघ, छोटेच येतात. मोठा ई तुमच्या दोघांकडे नाहीच. मग माझ्याकडे आला कुठून?”

बायकोची सुई कापडात तशीच राहिली. मी म्हटलं, “वाऱ्यावरून आला असेल,” आणि खुळ्यासारखा हसलो. बटण हसली नाही. चौकोनाकडे बघत म्हणाली, “माझंच काहीतरी चुकतंय. रविवारी मावशीकडे जाते. तिचे कान बघते, तिला विचारते, मग कळेल.”

आता सांगूनच टाकतो. बटण आमच्या पोटची नाही. माझ्या कोपरापासून पंजापर्यंत मावेल एवढीशी होती, तेव्हा आम्ही तिला रीतसर दत्तक घेतली, आणि मग शेजाऱ्यांकडून तिच्या कानावर जाऊ नये म्हणून घरही बदललं. सांगायचं होतं हो! लहान आहे म्हणून राहिलं, मग नुकतीच शाळेत जाऊ लागली म्हणून राहिलं, मग आजारी पडली, मग परीक्षा आली. माहीत फक्त मावशीला, म्हणजे बायकोच्या बहिणीला. आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. ही पोरगी तो चौकोन घेऊन तिच्यासमोर बसली असती, तर मावशीनं आधी डोळ्यांना पदर लावला असता आणि मग सगळं ओकून मोकळी झाली असती. माझ्या मुलीला हे दुसऱ्याकडून कळायचं, आणि मग तिनं माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघायचं, हे मला नको होतं.

“रविवारच्या आत सांगा,” बटण दूध आणायला गेली तेव्हा बायको म्हणाली. “नाहीतर मी सांगते.”

“थांब जरा. आधी तिचं पुस्तक बघू दे.”

“पुस्तकात काय बघणार? तुमचं नाव घातलंय का त्यात?”

तरी मी बघितलं. ती आंघोळीला गेली की धडा उघडायचा. पहिल्याच पानावर वाटाणे. उंच वाटाणा, बुटका वाटाणा, गोल वाटाणा, सुरकुतलेला वाटाणा. अरे, माझ्या घराला आग लागलीय आणि तुम्ही वाटाणे काय सोलताय? पुढच्या पानावर पेशी, पेशीत केंद्रक, केंद्रकात गुणसूत्रं, गुणसूत्रावर जनुकं. एका विभाजनात गुणसूत्रं तेवढीच राहतात, दुसऱ्यात निम्मी होतात. कुठलं कुठे होतं हे वाचेपर्यंत पहिलं विसरायचो. माप घेऊन कापड बेतायला मला कधी अडलं नाही, पण इथे निम्मं करून पुन्हा पूर्ण कसं होतं, काही म्हणजे काही कळेना. सगळं डोक्यावरून गेलं. कळलं एवढंच की चिकटलेले अधिक चिकटलेले बरोबर सुटे, असं कुठल्याच पानावर नव्हतं.

मग मी ट्रायल रूमच्या आरशासमोर उभा राहून माझ्या पाळ्या खाली ओढू लागलो. म्हटलं, जरा सैल पडल्या तर पोरीला दाखवता येईल, की बघ गं, तू घाईत नीट पाहिलं नाहीस. तेवढ्यात पडदा सरकला. कोट घालून बघायला आलेलं गिऱ्हाईक माझ्याकडे बघतच राहिलं.

“काही हरवलंय का?”

“नाही नाही, या ना,” मी म्हटलं. माझे दोन्ही कान लालभडक झाले होते.

शेवटी शुक्रवारी दुपारी दुकान बायकोवर टाकून मी शाळेत गेलो. विज्ञानाच्या बाई प्रयोगशाळेत होत्या. कांद्याची कोवळी मुळं कापून, काचेच्या पट्टीवर दाबून, मुलांसाठी स्लाइडी करत होत्या. मी जातानाच गोष्ट रचली होती. म्हटलं, माझ्या एका गिऱ्हाइकाची मुलगी तुमच्याच वर्गात आहे. आईवडिलांचे कान चिकटलेले, मुलीचे सुटे. माणूस बिचारा काळजीत पडलाय.

बाईंनी माझ्या कानांकडे पाहिलं. नंतर कांद्याकडे पाहिलं. मोठी समजूतदार बाई.

“त्यांना सांगा, काळजी करू नका,” त्या म्हणाल्या. “चूक त्या मुलीची नाही, आम्ही फार सोपं करून शिकवतो त्याची आहे. पाळी एक तर सुटी नाहीतर चिकटलेली, असं दोनच तऱ्हांचं नसतं. मधल्या कितीतरी तऱ्हा असतात, आणि त्यामागे एक नाही, पुष्कळ जनुकं असतात. चार घरांच्या चौकोनात ते बसत नाही. कानावरून कोण कुणाचं आहे किंवा नाही, यातलं काहीच ठरत नाही. मी उद्या वर्गात सांगते.”

मला तर बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. सुटलो! मी तिथे स्टुलावर बसलोच. बाईंना वाटलं मला कांद्यात रस आहे, म्हणून त्यांनी सूक्ष्मदर्शक माझ्याकडे सरकवला. मी एक डोळा मिटून पाहिलं. विटांसारख्या ओळीनं पेशी, आणि एकीच्या पोटात दोऱ्यांचे बारीक तुकडे.

“ती गुणसूत्रं,” बाई म्हणाल्या. “एका पेशीच्या दोन होतायत. गुणसूत्रांची आधी नक्कल झालीय, आता एकेक नक्कल दोन्हीकडे जाईल. म्हणून दोन्हींत माहिती तीच राहते.”

“आपल्या अंगातही असंच?”

“असंच. जखम भरते ती अशी, मूल वाढतं ते असं.”

“आणि एवढ्या नव्या पेशींना माल कुठून येतो?”

“अन्नातून. दुसरा कुठून येणार?”

“म्हणजे घरात जे खायला घालतो, त्यातून?”

“हो. माल अन्नातला. नमुना मात्र आधीच्या पेशीचा, तिचा तिच्या आधीच्या पेशीचा, असं पार पहिल्या पेशीपर्यंत.”

मी डोळा लावून तसाच बसून राहिलो. पोरगी एवढीशी आली आणि एवढी झाली, ती सगळी आमच्या घरच्या घासांवर. केस, नखं, ते सुटे कानसुद्धा. आणि नमुन्यात आमची एक रेघ नाही. यावर खूश व्हायचं की रडायचं, ते मला ठरवता येईना. बाईंनी विचारलं, “दिसतंय ना?” मी म्हटलं, “दिसतंय, पण कळत नाही.” आणि उठलो.

दुकानात येऊन बायकोला म्हटलं, “मिटलं! बाई उद्या सगळ्या वर्गाला सांगणार, कान खोटे, त्यावरून काहीच ठरत नाही.”

तिनं दोरा दातानं तोडला. “कान खोटे. मग तुम्ही खरे झालात का?”

“तू पण ना! संकट टळलं तर जरा बरं वाटून घे की.”

“काहीच ठरत नाही असं बाई म्हणाल्या ना? मग आपलं सांगायचंही मिटलं नाही,” ती म्हणाली आणि पुन्हा खाली मान घालून शिवू लागली. मला असा राग आला! बायकांना सरळ आनंद घेता येत नाही, असं काहीबाही पुटपुटत मी मशीन जोरात चालवली आणि कुणाच्या तरी बाहीची शिवण तिरकी घातली.

शनिवारी शाळा लवकर सुटते. बटण आली ती उड्या मारत. दप्तर टेबलावर आदळलं.

“बाबा, कोष्टक रद्द! बाई म्हणाल्या, पुस्तकात फारच सोपं करून दिलंय. चिकटलेल्यांना सुटे होऊ शकतात. त्यांनी वर्गाची माफीसुद्धा मागितली.”

“बघ! मी म्हणत नव्हतो?”

“तू वाऱ्यावरून म्हणत होतास,” ती हसली. आणि हसता हसताच टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडायला लागली.

मी घाबरलोच. मशीनवरून उठलो, पण जवळ जावं की न जावं कळेना. बायको उठली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

“वर्गात सगळ्यांचं जुळलं होतं,” बटण डोकं न उचलता म्हणाली. “माझंच नव्हतं जुळत. आठवडाभर मी तुमचे चेहरे बघतेय. नाक बघतेय, बोटं बघतेय. विचारावंसं वाटायचं, पण वाटायचं की विचारलं आणि तू खोटं बोललास तर? म्हणून मावशीकडे जाणार होते.” तिनं बाहीला नाक पुसलं आणि वर पाहिलं. डोळे सुजलेले, पण चेहरा असा मोकळा की काय सांगू. “मी पण वेडीच. तसं काही असतं तर तू सांगितलंच असतंस ना, बाबा?”

“हो” एवढंच म्हणायचं होतं. माझ्या पाठीशी बाई होत्या, अख्खं विज्ञान होतं. मावशीकडे जायचं कारणही उरलं नव्हतं. ती डोळे पुसून खायला मागणार होती आणि आमचं घर होतं तसं राहणार होतं. जन्मभर पकडला गेलो नसतो. पण ज्या भरवशानं ती माझ्याकडे बघत होती, त्या भरवशावर हात मारायचा, हे माझ्यानं होईना.

“नसतं सांगितलं,” मी म्हणालो.

तिला कळलं नाही. ती हसण्याच्या बेतात होती.

“नसतं सांगितलं गं. अजून नाही सांगितलं.”

मग सांगितलं. कसं सांगितलं ते विचारू नका. मधूनच सुरू केलं, मागे गेलो, पुन्हा पुढे आलो. जिथे अडलो तिथे बायकोनं पुढे सांगितलं. आम्ही तुला आणायला गेलो तेव्हा तू झोपली होतीस, असंही मध्येच कुणीतरी म्हणालं, बहुतेक मीच. दारात एक गिऱ्हाईक आलं, आमच्या तोंडांकडे बघून आल्या पावली परत गेलं.

बटण टेबलावर जिथे चौकोन आखला होता तिथे बोट टेकवून बसली.

“पण कानाचं तर चुकीचं होतं ना?” ती म्हणाली.

“चुकीचंच. बाईंनी सांगितलं ना.”

“रीत चुकीची, मग उत्तर बरोबर कसं आलं?”

“मला नाही गं कळत,” मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. “मला यातलं काहीच कळत नाही.”

ती माझ्याजवळ आली नाही. आईच्या शेजारी जाऊन बसली, पण तिलाही टेकली नाही, मध्ये हातभर जागा ठेवून बसली. मग म्हणाली, “तू ‘हो’ म्हणाला असतास, तर मी खरं मानलं असतं.”

“माहितीये,” मी म्हटलं.

ती मला दोष देत होती की आणखी काही म्हणत होती, ते तिच्या आवाजावरून कळेना. पण ती उठून गेली नाही. तिथेच बसून राहिली.