बजाक्काची गोफण

सकाळधरनं बजाक्का जवारीतल्या माळ्यावर उभी राहून पाखरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत हुती. जवारी हुरड्यात आली की तिचं ह्येच काम. गोफण फिरवायची, गुंडा सोडायचा आन त्येच्या मागनं शिवी सोडायची. गुंडा चुकंल, शिवी चुकायची न्हाय.

मंद्रूपच्या वरल्या अंगाला आमचं रान तिच्या बांधाला लागून. त्यामुळं समदं मी बसल्या जागी बघितलंय.

तिच्या युवराजनं औंदा हुरडा पार्टी काढली. वेबसाइट क्येली आन तिच्यापायी रोज इडिओ टाकायला लागला. गॉगल घालून जवारीत उभा राहायचा आन "नमस्कार मंडळी, चव मातीतली" म्हनायचा. बघनारी घरचीच. मग एक दिस त्यानं गुपचूप आईचाच इडिओ टाकला. बजाक्का एका राघूला इचारत हुती, "तुजा मुडदा बशिवला, तुज्या बानं पेरलं हुतं का रं?" खाली वेबसाइटचं नाव.

रविवारी सोलापूरच्या गाड्या पार वढ्यापातूर लागल्या. हुरडा दिला, शेंगाचटणी दिली, दही दिलं. पर मंडळी माळ्याखालनं हलंनात.

"आजी, एक शिवी द्या की."

"काय क्येलंयस बाबा तू? उगं कशी दिऊ?"

मग त्येंनी कारन दिलं. वरल्या तुकड्यात शिरली. त्यो तुकडा बियाण्याचा. सासूनं दिलेलं बी, बजाक्कानं कवा मोडू दिलं न्हाय. दुकानातली पिशवी तिच्या उंबऱ्याच्या आत आली न्हाय. एका गड्यानं फोटूपायी त्यातलंच टपोरं कनीस मोडून कानाला खोचलं. गोफण फिरली. गड्याची टोपी उडाली ती थेट वढ्यात.

युवराजनं कपाळ धरलं. "आये, संपलं समदं. आता कोन येतंय हितं?"

पुढल्या रविवारी दुप्पट आली. टोपीचा इडिओ गावोगाव पोचला हुता. ज्यो त्यो टोपी घालून बियाण्यातच घुसला. युवराज खालनं सांगत हुता, "आये, नेम धर, पर लागू दिऊ नगं. आन मधनंमधनं वेबसाइटचं नाव घे की."

सांजच्याला ती माज्या बांधावर येऊन बसली. पदरात मोडकी कनसं. डोळं भरल्यालं.

"बिरप्पा, पाखरू पोट भरलं की उडतं रं. ह्यांचं पोट कशानं भरत आसंल? आसंच चाललं तर पुढल्या साली पेरायला मूठभर बी राहायचं न्हाय."

"कुंपन घाल की, आक्का."

"कुंपनाला म्हस भिती. ही मानसं व्हय भ्यायची?"

मग ती वढ्याकडल्या हिरव्या पट्ट्याकडं लई वेळ बघत बसली.

त्येच्या पुढल्या रविवारी माळ्यावर चढून तिनं हाळी दिली. "ऐका. बियाणं वढ्याकडंला हलवलंय. त्यो हिरवा पट्टा. तितं कुनी पाय ठिवला तर टाळकी फोडीन."

झालं. समदी जत्रा वढ्याकडं पळाली. त्यो पट्टा कडवळाचा. म्हशीच्या वैरनीला दाट पेरल्याली जवारी, तिला कनीस धरत न्हाय. उभं पीक कसं हलवलं, ह्ये एकानं बी इचारलं न्हाय. बजाक्का ढेकळं मारत हुती आन मोडलेली कनसं आठवून मनापासनं शिव्या देत हुती. लोकं लई खूश. तुडवलेलं कडवळ सांजच्याला म्हशीनं खाल्लं. ती बी खूश. वरल्या तुकड्याकडं कुनी ढुंकून बघितलं न्हाय.

सुगी झाली. बजाक्का बियाण्याची कनसं आढ्याला टांगत हुती. युवराज मोबाइल घिऊन आला.

"आये, वेबसाइटवर लोकं इचारत्यात, त्या वढ्याकडल्या बियाण्यात इशेष काय हाय?"

बजाक्कानं गाठ मारली, वढून बघितली, मग म्हनली, "लिव्ह की. त्येला पाखरू लागत न्हाय."