चाळिसावं पान

एका हरलेल्या देशाची शाळा मी पुन्हा सुरू करून आलोय, आणि यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही. इथे आखातात, अल कुसैसच्या आमच्या खोलीत शुक्रवारच्या जेवणानंतर मी हे सांगितलं, तेव्हा चिपळूणचा हमीद मोठ्ठी ढेकर देऊन हसला. तीस वर्षं आम्ही दोघं जोडीनं रंगकाम करतोय.

"हस. दोन वर्षांपूर्वी मी सुट्टीवर गावी गेलो, असं वाटलं ना तुला? कंपनीनं त्या हरलेल्या देशात शाळेच्या भिंती रंगवायला धाडलं होतं. जिंकलेल्या फौजेचा साहेब म्हणाला, पुस्तकात चाळिसाव्या पानावर लढाईचं गुणगान आहे, ते सोमवारी सकाळी सातच्या आत काळं करा. नाहीतर शाळेला कुलूप, आत माझं गोदाम. पुस्तकं चार हजार!"

"आणि तू एकटा?"

"हेडबाई होत्या ना! शाळा तीन वर्षं बंद. म्हणाल्या, 'सोमवारी घंटा होणारच. हे पान मुलांकडून मीच पाठ करून घेतलं, तर पहिला ब्रशही मीच मारणार.' मारला. मग मुलांनी आपापली पुस्तकं रंगवली. रंग माझ्याकडचा, फळ्याचा. एकच डबा."

"चार हजार पुस्तकांना एक डबा?"

"पुरवून वापरला. चिपळूणकराला हे समजावायला लागतं?"

"बरं, पुढे."

"साहेबानं पान उन्हात धरलं. मागून अक्षरं दिसली! 'खलास,' म्हणाला, 'शाळा बंद.' बाई जागच्या हलल्या नाहीत. 'सात वाजायला वीस मिनिटं आहेत. यल्ला, चला पोरांनो, रंगाचा दुसरा हात!' ओली पुस्तकं मी झेंड्याच्या खांबापासून टाकीपर्यंत तारेवर टांगली. वारा असा सुटला की पाच मिनिटांत खडखडीत. दोन पुस्तकं तर उडून शारजात पडली."

"इन्शाल्ला, सापडतील."

"सातला घंटा झाली. साहेबानं कुलूप मुकाट खिशात घातलं. आणि बाईंनी पहिल्याच तासाला चाळिसावंच पान उघडायला लावलं! 'आता इथे काय लिहायचं?' एका मुलीनं खडू घेतला आणि त्या काळ्या पानावर लिहिलं, 'आम्ही हरलो. आज शाळा आहे.' ठसठशीत!"

डबा, वारा, शारजा, सगळं निमूट गिळलेला हमीद ताडकन उठून बसला.

"खोटं! महादूभाई, साफ खोटं! फळ्याच्या रंगावर तीन दिवस खडू लावायचा नाही, हे मला तूच शिकवलंस!"