केझायाची मुलं

"मिस्टर पेल, सरळ सांगा ना. सापडली का मेलेली?" एव्हिसने विचारलं.

पेलने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हा आमचा निवृत्त पोस्टमास्तर दर मंगळवारी वाचनालयात बसतो आणि लोकांचे पूर्वज शोधून देतो. एरवी तोंडाला खीळ नसते त्याच्या. आज मात्र तो संगणकाच्या पडद्याकडे बघत गप्प होता.

"मेलेली नाही सापडली, एव्हिसबाई," तो म्हणाला. "जिवंत सापडली."

एव्हिसच्या कमरेचं दुखणं सुरू झाल्यापासून तिला हवं तिथे मीच गाडीने नेते. त्यामुळे तिचे पूर्वज मला माझ्या सख्ख्या मावश्यांपेक्षा जास्त पाठ झाले आहेत. मला स्वतःला जुनी मढी उकरण्याची हौस नाही. पण एव्हिस हौसेने उकरत नव्हती. तिचा थोरला भाऊ क्लिफ आमच्या जवळच्याच बोस्टन गावातल्या रुग्णाश्रमात शेवटचे दिवस मोजत होता, आणि त्याला एकच गोष्ट हवी होती: बापाच्या आईची कबर.

त्यांचा बाप अमोस अनाथाश्रमात वाढला. चौथ्या वर्षी त्याला तिथे नेऊन सोडलं आणि सांगितलं, तुझी आई तापाने मेली. कुठे पुरली, ते कुणी सांगितलं नाही. आमच्याकडे लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या, आईच्या रविवारी चर्चमध्ये फुलांच्या जुड्या वाटतात. आई असेल त्याने आईला द्यायची, नसेल त्याने कबरीवर ठेवायची. अमोसकडे दोन्ही नव्हतं. म्हणून तो दर वर्षी आपली जुडी दगड नसलेल्या एखाद्या कबरीवर ठेवायचा. "कुणाची तरी आई असेलच," म्हणायचा. तो गेल्यावर क्लिफने तेच चालू ठेवलं. बटाट्याचे ट्रक हाकणारा, लग्न न केलेला, अंगापिंडाने बैलासारखा माणूस. पण मार्चमधल्या त्या रविवारी हातात पिवळी फुलं घेऊन बेवारशी कबर शोधत फिरायचा. पोरं हसायची. आता त्याच्या डोक्यात बसलं होतं की निदान या वर्षी तरी फुलं खऱ्या जागी पडावीत.

तीन वर्षं एव्हिस ती जागा शोधत होती. अमोसच्या बाप्तिस्म्याची नोंद हॅकर्बीच्या चर्चच्या वहीत पहिल्याच महिन्यात मिळाली होती: अमोस, आई केझाया शार्मन, अविवाहित. बापाच्या जागी काही नाही. त्यावर एव्हिस दोन दिवस नाक मुरडून बसली, मग म्हणाली, "असू दे, तेव्हाही माणसंच होती." त्यानंतर तिने आसपासच्या गावांच्या दफनाच्या वह्या पालथ्या घातल्या. वाटाण्याच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापुढे बसून किडके दाणे वेचण्यात तिचा जन्म गेला होता, नजर तिची चुकत नसे. पण केझाया शार्मन कुठल्याच वहीत पुरलेली नव्हती.

"मीही मूर्खच," पेल म्हणाला. "दफन मिळत नसलं तर माणूस मेलेलंच नसेल, एवढं सुचायला हवं होतं. आडनाव सोडून दिलं आणि एकोणीसशे अकराच्या शिरगणतीत नुसतं केझाया, जन्म हॅकर्बी, एवढंच टाकलं. एकच निघाली. केझाया टॉइन. राहणार लीसाइड. विधवा."

"लीसाइड?" एव्हिस म्हणाली. "आपलं लीसाइड?"

आपलंच. आमच्या गावापासून सात मैल. शाळेत जाताना एव्हिसची बस तिथल्या कालव्यावरून जायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हे.

पेलने कागद मोठा करून दाखवला. त्या वर्षी घरोघरी छापील कागद दिले होते आणि ते कुटुंबप्रमुखाने स्वतः भरायचे होते. त्यामुळे अक्षर केझायाचंच होतं, शाळेतल्या पोरीसारखं गोल आणि सावध. खाली सही. वर नावं: ती स्वतः, मग हॅरल्ड, एडिथ, फ्रँक. थोरला आठ वर्षांचा. लग्न एकोणीसशे दोनमध्ये, म्हणजे अमोसला अनाथाश्रमात टाकलं त्याच वर्षी.

"नवऱ्याला दुसऱ्याचं पोर नको असेल," मी म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं, पण माझी जीभ अशीच आहे.

"आणि हे इथे बघा," पेल हळूच म्हणाला. "किती मुलं जन्मली, किती जिवंत, किती मेली, असे तीन रकाने होते. नवरा जिवंत असलेल्या बायकांसाठीच. त्यातही त्याच लग्नाची मुलं मोजायची होती. विधवांनी रकाने कोरे ठेवायचे. हिनं भरले. म्हणून वरच्या कचेरीनं लाल शाईनं काट मारली. पण खालचं वाचता येतं."

लाल रेघेखाली त्याच गोल अक्षरात आकडे होते. जन्मलेली चार. जिवंत चार. मेलेलं एकही नाही.

"घरात तर तीनच आहेत," एव्हिस म्हणाली.

"लीसाइडच्या वह्यांत टॉइन नावाचं एकही मूल पुरलेलं नाही. पाहिलं मी. आणि त्याच शिरगणतीत अमोसही सापडतो. तेरा वर्षांचा, शेतावरचा गडी. तिच्या शेजारच्याच गावात."

"आणि ती? ती कधी गेली?"

"एकोणपन्नास साली. लीसाइडच्याच चर्चच्या आवारात पुरलंय."

एव्हिस उठली, कोट चढवला, बटणं चुकीची लावली. "मी बारा वर्षांची होते तेव्हा," ती म्हणाली आणि पेलचे आभार न मानताच बाहेर पडली. आभार मी मानले.

आम्ही तशाच लीसाइडला गेलो. कबर सापडायला वेळ लागला नाही. चांगला राखाडी दगड, त्यावर लिहिलेलं: केझाया टॉइन, हॅरल्ड, एडिथ आणि फ्रँक यांची लाडकी आई. एव्हिस दगडाकडे बघत उभी राहिली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. बाजारात कुणी वजनात फसवलं की तिचा चेहरा होतो, तसा झाला होता.

"क्लिफला यातलं काही सांगायचं नाही," ती गाडीत म्हणाली. "सापडली नाही म्हणायचं. झाकली मूठ."

"आणि त्यानं विचारलं तर?"

"तर तू तोंडात मूग धरून बसायचं, नोरा. जमलं तर."

क्लिफचा पलंग खिडकीशी होता. बाहेर कोबीचं सपाट शेत आणि त्यावर कावळे. त्याचं शरीर इतकं आटलं होतं की मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरायचं. पण जीभ शाबूत होती.

"आल्या का पोलीस?" तो म्हणाला. "सापडली का म्हातारी?"

"चोविसाव्या वर्षी मेलेल्या बाईला म्हातारी काय म्हणतोस?" एव्हिस म्हणाली. "नाही सापडली. वह्या भिजून गेल्यात म्हणे."

क्लिफने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कावळे मोजू लागले.

"एव्हिस," तो म्हणाला, "लहानपणापासून बघतोय. खोटं बोलायचं असलं की तू हातमोजे काढत नाहीस."

तिने हातांकडे पाहिलं. मग एकेक बोट ओढत हातमोजे काढले, मांडीवर ठेवले आणि सगळं सांगितलं. लीसाइड, टॉइन, तीन मुलं, लाल काट मारलेला कागद, दगड. सांगताना आवाज चढत गेला. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याने पडदा ओढून घेतला.

क्लिफने घसरलेलं घड्याळ पुन्हा मनगटावर आणलं. मग म्हणाला, "बाबांना कळलं नाही हे बरं झालं."

"बरं काय झालं? पन्नाशीचे होते ते, ती गेली तेव्हा. भेटता आलं असतं. दर वर्षी कुणाच्या तरी कबरीवर फुलं ठेवत फिरले, आणि ही बया सात मैलांवर चहा पीत बसली होती."

"त्या कागदावर काय लिहिलंय म्हणालीस?"

"चार जन्मली, चार जिवंत, मेलेलं कुणी नाही. ऐकतोयस ना? मेला असं लिहिलं असतं, तर मी समजून घेतलं असतं. म्हटलं असतं, तिलाही कुणीतरी खोटं सांगितलं असेल. पण हिला माहीत होतं, क्लिफ. तो आहे, जिवंत आहे, हे माहीत असून ती गेली नाही त्याच्याकडे. हे मला सहन होत नाही."

"चार," क्लिफ म्हणाला. चेहऱ्यावर हसू म्हणावं असं काहीतरी आलं होतं. "मोजला की गं तिनं."

"मोजून काय उपयोग?"

"तीन लिहिली असती तर कोण विचारणार होतं? लग्नाआधीचं पोर. नवरा मेलेला, पदरात तीन लेकरं, आणि कागद न्यायला येणार गावातलाच माणूस. त्यानं वाचलं असतं तर दुपारपर्यंत चर्चभर झालं असतं. विधवेनं तर ते रकाने भरायचेही नव्हते म्हणतेस."

"तिला फॉर्म कळला नसेल. हिशेब येत नसेल."

"चारपर्यंत येत होता," क्लिफ म्हणाला.

एव्हिसने तोंड फिरवलं. क्लिफ दम लागून थांबला, मग म्हणाला, "रविवारी जुडी तिकडे ने."

"मी नाही नेणार."

"ने गं."

"तुला एवढा पुळका आहे ना, तर तू बरा हो आणि घेऊन जा."

असं कुणी बोलतं का? पण रागाच्या भरात माणूस बोलतो, आणि बोललेलं परत घेता येत नाही. क्लिफने डोळे मिटले. "बघू," म्हणाला. निघताना तिने त्याची उशी सारखी केली, गरज नसताना पांघरूण ओढलं, पण शब्द काही निघाला नाही तिच्या तोंडून.

क्लिफ शुक्रवारी गेला. एव्हिसला फोन आला तेव्हा ती त्याचे मोजे धूत होती.

रविवारी ती चर्चला येईल असं मला वाटलं नव्हतं. आली, मागच्या बाकावर बसली. प्रार्थना संपल्यावर पोरं डॅफोडिलच्या जुड्या घेऊन फिरली. मला मूलबाळ नाही, पण आमच्याकडे बाई दिसली की जुडी हातात कोंबतात. एव्हिसला दिली, ती तिने घेतली. बाहेर आल्यावर माझ्या गाडीचं दार उघडून ती आत बसली आणि म्हणाली, "चल."

"कुठं?"

"तुला माहितीये कुठं."

वाटेत ती म्हणाली, "कुणी भेटलं आणि विचारलं, तर चुकून आलो म्हणायचं. दुसरीच कबर शोधत होतो म्हणायचं." मी बरं म्हणाले.

केझायाच्या कबरीपाशी एक बाई ओणवी होती. सत्तरीच्या आतबाहेरची, अंगात हिरवा, रजईसारखा शिवलेला कोट. दगडापुढच्या, भोकाभोकांचं झाकण असलेल्या पत्र्याच्या भांड्यात फुलं लावत होती. आमची पावलं ऐकून तिने वर पाहिलं, आणि मला तिची हनुवटी दिसली. मी लगेच दुसरीकडे बघू लागले. कारण ती क्लिफची हनुवटी होती.

"तुम्ही ओळखायचात का आमच्या आजीला?" तिने विचारलं. आवाजात आपलेपणा होता.

"नाही," एव्हिस म्हणाली.

बाई थांबली. एव्हिसच्या हातातल्या फुलांकडे तिने पाहिलं. मी मनात म्हणाले, आता चुकून आलो म्हण आणि चल. गाडी सुरू करायला मला एक क्षणही लागला नसता.

"तुमची आई कोणती?" एव्हिसने विचारलं. "एडिथ का?"

"हो. मधली. तुम्हाला कसं माहीत?"

"माझे वडील थोरले."

"थोरला हॅरल्डमामा," बाई गोंधळून म्हणाली. "पण त्याला मूलबाळ नव्हतं हो."

"त्याच्याही आधीचे. अमोस."

बाई उठून उभी राहिली. गुडघ्यांना ओली माती लागली होती, ती तिने झटकली नाही. "तुमची काहीतरी गफलत होतेय," ती म्हणाली. उद्धटपणे नाही, समजावण्याच्या सुरात. "आजीला तीनच मुलं. लिहिलंय की दगडावर."

"दगडावर तुमच्या लोकांनी लिहिलंय," एव्हिस म्हणाली. "तिनं स्वतः चार लिहिलीत. तिच्या हातचं आहे, मी पाहिलंय. चार जन्मली आणि चारही जिवंत. कुणी विचारलं नव्हतं तिला, तरी लिहिलंय."

आणि मग तिला रडू आलं, मंगळवारपासूनचं सगळं. मी पुढे झाले, पण तिने हाताने मला मागेच थोपवलं.

बाई दगडाकडे बघत राहिली. पहिल्यांदाच वाचत असावी तशी तिन्ही नावं वाचत होती. मग पुन्हा गुडघ्यांवर बसली आणि भांड्यातली आपली फुलं दोन्ही हातांनी एका बाजूला सरकवली.

"पाणी आहे त्यात," ती म्हणाली.