अत्तराची चौकशी

साहेब, तुम्ही एका शुद्धीवरच्या बाईला कागदावर दारुडी केलं. यंत्रानं शून्य दाखवलं, तरी केलं. तुमचं नाव इथं लिहीत नाही. ज्याचं नाक त्याला ठाऊक असतं.

उज्ज्वला दिग्रस-दारव्हा गाडीवर कंडक्टर. नऊ वर्षं ती डिझेल, घाम, सुक्या मासोळ्यांच्या टोपल्या आणि कोणाच्या तरी पोराची ओकारी यांच्या मधोमध उभी राहून तिकिटं देत आली. तिच्या बंजारा तांड्यावरची पगार घेणारी पहिली बाई. तिचा धाकटा भाऊ शाम पुण्याला परदेशी अत्तरांच्या दुकानात कामाला. दिवाळीला तो एक अर्धी बाटली घेऊन आला, गिऱ्हाइकांना हुंगायला ठेवलेली. म्हणाला, किंमत विचारू नको, घास उतरणार नाही. निम्मे लोक ते मनगटावर घेऊन डोळे मिटतात आणि निम्मे नाक दाबून दुकानाबाहेर पळतात, म्हणून मालकानं ती बाटली फळीवरून काढली.

उज्ज्वलानं हुंगलं. आधी लिची आणि स्ट्रॉबेरी, मागून कढईच्या बुडाला जरासा लागलेला गूळ, आणि सगळ्यात शेवटी साय. तिची आई लालीबाई म्हणाली, "हे अंगाले लावाचं का पोळीसंग खाचं?"

उज्ज्वलानं अंगाला लावलं आणि ड्युटीवर गेली. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या गाडीत तिला कोणाचा तरी नाही, स्वतःचा वास आला. ते तिला फार आवडलं.

आठ दिवसांत गाडीत दोन पक्ष पडले. बाजाराला जाणाऱ्या इंदुताईंनी जाहीर केलं की असा वास त्यांच्या माहेरी फक्त लग्नाच्या शिऱ्याला येत असे, आणि त्या कंडक्टरच्या सीटमागची जागा धरून बसू लागल्या. रिटायर्ड मास्तर पुंडलिकराव म्हणाले, सीताफळं सडली की असाच वास सुटतो, आणि ते मागच्या खिडकीत मान बाहेर काढून बसू लागले. मागचा पक्ष तिकिटाचे पैसे हातोहात पुढं पाठवी, म्हणजे बाई तिकडं फिरकायला नको. एकदा मास्तर समजुतीनं बोलायला आले. "बाई, तुम्ही लावा, माही ना नाही. पण मंगळवारी नका लावू. माहा उपास राह्यते."

खरं नुकसान केलं ते ड्रायव्हर उकंडानं. त्या वासानं त्याला भूक लागायची. दिसला फाटा की गाडी उभी, उतरला की भजे. उज्ज्वला ओरडली तर म्हणायचा, पाठीमागं हलवायाचं दुकान उघडून ठेवता अन् मले म्हणता उपाशी चाल. गाडी रोज अर्धा तास उशिरा पोचू लागली. मास्तरांनी उशिराची तक्रार केली. तक्रार उशिराची होती, वासाची नव्हती, हे ध्यानात ठेवा.

मग त्या तक्रारीवरून साहेब तपासणीला एका फाट्यावर गाडीत चढले. तिकिटं तपासली नाहीत, वेळ पाहिली नाही. तीनदा नाक वर केलं आणि म्हणाले, "मोहाची दारू." उज्ज्वलानं पर्समधून बाटली काढून पुढं धरली, साहेबांनी बाटलीकडं पाहिलंसुद्धा नाही. गाव विचारलं. तिनं तांड्याचं नाव सांगितलं तशी साहेबांची मान डुलली.

"तांड्यावरच्या ना? मग बरोबर."

त्या तांड्यावरून चार मास्तर, एक फौजदार आणि उज्ज्वलाच्या मागून एक नर्स निघाली. पण साहेबांच्या डोक्यात तांडा म्हणजे भट्टी, आणि ती भट्टी काही विझत नाही.

डेपोत तिला यंत्रात फुंकायला लावलं. शून्य. पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा शून्य. साहेबांनी लिहिलं, यंत्र नादुरुस्त. त्याच यंत्रानं त्या सकाळी बारा ड्रायव्हर रस्त्यावर सोडले होते. उज्ज्वलाला मात्र घरी बसवलं आणि चौकशी लावली.

लालीबाईनं पोरीला समजावलं, बाटली नालीत ओत, साहेबांपुढं हात जोड, नोकरी वाचव. उज्ज्वला रात्रभर नाही, पण स्वयंपाक होईस्तोवर विचार करत बसली. मग म्हणाली, "माफी मांगतली का मी पेलीच असं होते." आणि चौकशीला जाताना नेहमीपेक्षा दुप्पट फवारून गेली.

चौकशीच्या खोलीत अर्पिता नावाची क्लार्क बोललेला शब्द न् शब्द टाइप करत होती, नियमच तसा. साक्षीला इंदुताई आल्या आणि शिऱ्याचं सगळं सांगून बसल्या. पुंडलिकरावही आले. मास्तर विरोधी पक्षाचे, साहेब खूश झाले.

"वास घाणच आहे, साहेब," मास्तर रुमालातून म्हणाले. "पण दारूचा नाही."

साहेबांनी विचारलं, तुम्हाला दारूतलं काय कळतं. मास्तर म्हणाले, काहीच नाही, जन्मात शिवलो नाही.

"मग गप बसा," साहेब तापले. "मला कळतं. मोहाचीच आहे ही. तीही पहिल्या धारेची. दुसऱ्या धारेला असा गोड वास येत नाही."

अर्पितानं तेही टाइप केलं. मग तिची बोटं थांबली. इंदुताईंनी पदर तोंडावर घेतला.

उज्ज्वला उठून उभी राहिली. "ताई, साहेबाचं पूर्ण आलं ना कागदावर? मंग आता माहा प्रश्न ल्याहा. पहिल्या अन् दुसऱ्या धारेच्या वासातला फरक साहेब कोन्या भट्टीवर शिकले?"

साहेबांना एकाएकी जेवायची वेळ आठवली. चौकशी तहकूब झाली, ती आजतागायत तहकूब आहे. गाडी आता अगदी वेळेवर धावते, उकंडा वाळून काडी झाला आहे, मागच्या पक्षाचे मास्तरसुद्धा विचारतात, बाई कधी येणार. आणि नऊ वर्षांत एका तिकिटाचा घोळ न केलेली बाई विनापगारी घरी बसली आहे, कारण साहेबांना उत्तर सुचत नाही.

प्रश्न तुमच्याच कागदावर आहे, साहेब. टाइप केलेला. उत्तर द्या.