लाईट गेली तरी नाच

दोन भावांचं भांडण बांधावरून झालं असतं तर गावाला कळलं असतं आणि चार माणसांनी बसून मिटवलंही असतं. आमच्या घरातलं भांडण एका डिस्को गाण्यावरून होतं. त्यात पडायला सरपंचसुद्धा तयार नव्हते.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमाराला माझे वडील, म्हणजे आप्पा, धाकटे कुंडलिककाका आणि सगळ्यांत लहान साळुआत्या अशा तिघांची 'डिंगोरेकर भावंडं डिस्को पार्टी' होती. आप्पा ड्रम वाजवायचे, काका बेस गिटार वाजवायचे, आणि आत्या गायची नि टाळ्यांनी ठेका धरायची. ओतूरपासून बेल्ह्यापर्यंत एकही लग्न त्यांच्याशिवाय होत नव्हतं. त्यांनी पुण्याला जाऊन एक कॅसेट काढली. त्यातलं 'लाईट गेली तरी नाच' हे गाणं तालुक्यात इतकं वाजलं, की लाईट खरंच गेली की लोक बॅटरीवर तेच लावायचे.

पण कॅसेटवाल्यानं दुसरी कॅसेट काढायला नकार दिला. म्हणाला, गाणं शेवटच्या कडव्यात पळतंय, तुम्हाला लय धरता येत नाही. झालं. आप्पा म्हणाले, कुंडलिक पळाला, मी त्याच्यामागं गेलो. काका म्हणाले, दादा पळाला, मी कुठं जाणार? पार्टी मोडली आणि बोलणंही थांबलं. घरं शेजारी, विहीर एक, पण आप्पांना काही सांगायचं असलं तर ते म्हशीकडं बघून म्हणायचे, "कुणीतरी मोटार बंद करा म्हणावं." आणि काका मोटार बंद करायचे. अठरा वर्षं आमच्या म्हशीनं निरोप्याचं काम केलं.

दोन हजार चार साली काकांच्या ऋषीचं लग्न ठरलं. माझं तेव्हा ओतूरला कॉम्प्युटर आणि डीजेचं दुकान होतं. ऋषी आला आणि म्हणाला, "भरत, वरातीला आपलंच गाणं पायजे, नवीन करून. आन् आप्पा नि बाबा दोघं बी नाचले पायजेत. एवढं एकच मागतो." मी हो म्हणून बसलो. माझा स्वभावच असा, आधी हो म्हणायचं आणि मग घाम पुसायचा.

आप्पांना विचारलं तर म्हणाले, वरातीला येईन, जेवीन, आहेर करीन, पण ते गाणं लागलं की मी घरी. काका म्हणाले, लावच तू, कोण पळालं ते सगळ्या गावाला ऐकू दे. म्हणजे गाणं लावलं तर वरातीत भांडण, आणि नाही लावलं तर ऋषीचं तोंड बघवणार नाही.

तरी मी रिमिक्स करायला बसलो. कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घेतली, खाली मशीनचा दणदणीत ठेका टाकला. तीन कडवी अशी जमली, की दुकानात झेरॉक्सला आलेली माणसं मान हलवायला लागली. चौथ्या, शेवटच्या कडव्यात मात्र गाणं पुढं आणि ठेका मागं. मग मी गाणं कापून-ओढून ठेक्यात बसवलं. ऐकल्यावर वाटलं, वरातीला नाही, दहाव्याला लावावं.

शेवटी हेडफोन घालून ती जागा निम्म्या वेगानं ऐकली. डाव्या कानात आप्पांचा ड्रम, उजव्यात काकांची गिटार. दोघंही एकदमच पळत होते. आणि दोघांच्याही आधी, मधोमध, बारीकशी आत्याची टाळी होती. एक नाही, लागोपाठ दोन.

आमच्या घरात त्याचा अर्थ कुणालाही विचारा. वरात मांडवाच्या जवळ आली की आत्या दोनदा टाळी मारायची. म्हणजे आता लय वाढवा. कुणी वर बघायचंही नाही, हात आपोआप सुटायचे. स्टुडिओत ना वरात होती ना मांडव, पण खुणेची टाळी पडली आणि दोघं भाऊ गुमान पळाले.

मी मोटारसायकल काढून बेल्ह्याला आत्याकडं गेलो. तिला ते ऐकवलं. ती पदराशी चाळा करत बसली. मग हळूच म्हणाली, "शेवटची यष्टी चुकत व्हती रे. घरी तान्हं पोर. सासूनं सांगितलं व्हतं, राती घरी न्हाई आलीस तर पुन्हा गाणं न्हाई. घड्याळाकडं बघितलं आन् हात आपोआप वाजले." नंतर भाऊ एकमेकांवर इतके पेटले, की तिला बोलायचं धाडसच झालं नाही. पुढं बोलायला जितका उशीर, तितकं अवघड. मला तिचा राग आला आणि दयाही आली. एवढं ओझं घेऊन ती दर दिवाळीला दोन्ही भावांना वेगवेगळं ओवाळत होती.

मी तिला म्हटलं, मी सांगतो आप्पांना. तर ती म्हणाली, न्हाई, मीच सांगीन, माझं तोंड हाय. मी परत येऊन गाण्याला हात लावला नाही. उलट मशीनलाच आत्याच्या टाळीमागं पळवलं. तेव्हा कुठं गाणं जिवंत झालं.

हळदीच्या दिवशी आत्या आली. दोन्ही घरांच्या मधल्या अंगणात मांडव होता. एका खांबाशी आप्पा, दुसऱ्या खांबाशी काका, मध्ये पाहुणे. आत्यानं दोघांना हाताला धरून मध्ये आणलं, मला गाणं लावायला सांगितलं आणि शेवटचं कडवं आलं तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली, "दादा, तुमी दोघं बी पळाला न्हाईत. मी पळवलं. मला यष्टी गाठायची व्हती."

मला वाटलं, आता आप्पा निघून जाणार आणि ऋषीची वरात बुडाली. आप्पांनी आत्याकडं बघितलं. मग मान वळवली, आणि म्हशीकडं नाही, सरळ भावाकडं बघून म्हणाले, "कुंडलिक, आयकलंस का ही काय म्हणती?"

काका म्हणाले, "आयकलं की दादा. यष्टीपायी आपली पार्टी घालवली हिनं."

"लहानपणापासनं हिला घाईच."

"तुमीच लाडावली."

"मी? तूच खांद्यावर घेऊन फिरायचास."

मग दोघं मिळून आत्याला जे बोलायला लागले, ते जेवणाची पंगत उठेपर्यंत थांबले नाहीत. एकानं वाक्य सुरू करावं, दुसऱ्यानं पुरं करावं. ऋषी हळदीच्या अंगानं नुसता हसत होता. पाहुण्यांपैकी कुणी मध्ये पडू लागलं तर आत्याच त्यांना हातानं मागं सारायची. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं. म्हणाली, "बोलू द्या त्यान्ला."